नऊ मासे आणि ऐंशी घमेली गोटे

नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसाने लिहाव्यात, असा दिवाळी अंकांचा संकेत आहे. मी एकतीस वर्षांची आहे आणि निवृत्त होण्यापूर्वी मला पुष्कळ काही व्हायचे आहे. तरीही संपादकांनी आग्रह धरला, त्याचे कारण मी नव्हे, मासे आहेत. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याही लग्नाला गेले, की पंगतीत कोणीतरी विचारतेच, "त्या जपानी माशांच्या बाई तुम्हीच ना?" एका गृहस्थांनी तर त्यापुढे जाऊन, "सुकवून कसे लागतात हो?" अशीही चौकशी केली. तेव्हा एकदा काय ते सविस्तर लिहून टाकावे, म्हणजे पुढच्या लग्नांत मला जेवता येईल.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथे आम्ही सातजण होतो आणि त्यांत मी एकटी स्त्री. त्यामुळे टेबलावर चहा सांडला, की सहा जणांची नजर एकदम माझ्याकडे वळत असे. मीही त्यांच्याबरोबर त्या चहाकडे पाहू लागले. आठवड्याभरात फडके कुठे असते ते सर्वांना सापडले.

मला हवे होते ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. कारखान्याच्या मागच्या बाजूला ते होते आणि त्याला स्वतंत्र प्रमुख नव्हता. ज्याला दुसरे काम नसेल तो तिकडे चक्कर मारी. त्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी शेवटी सावित्रीला मिळते, आणि सावित्रीच्या काठी आमचे घर आहे. माझ्या हिशेबी कारखान्यातली सर्वांत महत्त्वाची खुर्ची तीच होती. तसा अर्ज मी व्यवस्थापक प्रधानसाहेबांना दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि सौम्यपणे म्हणाले, "अहो, तिथे चिखल असतो."

"साहेब, सुटीत मी पोलादपूरला आजोळी भात लावते."

"वासही येतो."

"वास कशाचा येतो हे ओळखता येतं, म्हणूनच अर्ज केलाय."

साहेब हसले आणि अर्ज खणात गेला. तो खण उघडायला मासे यावे लागले.

कारखान्याचे तंत्रज्ञान एका जपानी कंपनीचे होते. दुसरा विभाग सुरू होण्याच्या वेळी त्यांचे वयस्कर मुख्य अभियंता पाहणीला येणार होते, आणि त्या कंपनीने मैत्रीची भेट म्हणून आधीच नऊ कोई मासे पाठवण्याचे ठरवले होते. कोई म्हणजे आपल्या रोहूच्या लांबच्या नात्यातले, हातभर वाढणारे, रंगीत मासे. तांबडे, पांढरे, काळे, केशरी ठिपके असलेले. जपानात म्हणे घराण्यात दोन-दोन पिढ्या एकच मासा सांभाळतात. विश्रामगृहासमोर वीस फूट लांब, बारा फूट रुंद, कमरेइतके खोल तळे बांधायचे ठरले. प्रश्न उरला तो पाणी स्वच्छ राखण्याचा. प्रधानसाहेबांनी मला बोलावले.

"गाळणयंत्रणा कुठली बसवायची ते तुम्ही सांगा. पाहुणे येतील तेव्हा नऊच्या नऊ मासे पोहत असले पाहिजेत, आणि तळ्यात टाकलेलं नाणं वरून दिसलं पाहिजे. एवढं जमलं, तर तो तुमचा चिखलाचा अर्ज मी खणातून काढतो."

घरी सांगितले, तर वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतून शिकून बाहेर पडलेली पहिली पिढी. ज्या गावाचे तळे साऱ्या देशाला माहीत आहे, त्या महाडात त्यांनी हयात काढली. ते एवढेच म्हणाले, "तळ्याचं काम आहे. नीट कर."

आता थोडे शास्त्र; परीक्षा नाही, घाबरू नये. तळ्यातले पाणी घाण होते ते पाने आणि धूळ पडून, असा सर्वसाधारण समज आहे. ती घाण डोळ्यांना दिसते म्हणून तिची बदनामी अधिक. माशाला मारते ती न दिसणारी घाण. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. वाहत्या नदीत तो वाहून जातो, बंद तळ्यात साचतो, आणि मासा स्वतःच्याच विषात राहू लागतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, म्हणून दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते माशाला पुष्कळसे सोसते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, दगडाला धरून राहतात. नदीतला गोटा उचलला की बोटांना जो बुळबुळीत थर लागतो, तो त्यांचा संसार. म्हणजे कोई माशांच्या तळ्याला गाळणी लागते ती गाळण्यासाठी कमी आणि या मंडळींना घर देण्यासाठी अधिक.

माझ्यापुढे तीन उमेदवार होते. पहिला होता मुंबईच्या एका विक्रेत्याचा वाळूचा बंद फिल्टर: लोखंडी टाकी, निळा रंग, वर दाब दाखवणारे घड्याळ. तो घेऊन शहा नावाचे गृहस्थ आले. प्रत्येक वाक्य ते "मॅडम, विश्वास ठेवा" असे सुरू करीत. दुसरा उमेदवार आमच्या यंत्र विभागाचा: "फिल्टर कशाला? नदी आहे. रोज निम्मं पाणी काढा, निम्मं भरा." आणि तिसरा माझा: तळ्याशेजारी उंचावर सिमेंटचा उघडा हौद, त्यात नदीतले गोटे, पंपाने पाणी वर चढवायचे आणि गोट्यांवरून झिरपत पुन्हा तळ्यात सोडायचे. त्यात घड्याळ नव्हते, रंगही नव्हता. प्रधानसाहेब म्हणाले, "हे तर खडी टाकून ठेवल्यासारखं दिसतं."

मत मांडण्यापेक्षा प्रयोग मांडावा, हे माझे धोरण. काचेच्या तीन पेट्या घेतल्या. एकीला वाळूची गाळणी, एकीला गोट्यांची. तिसरीला गाळणी नाही, नुसता रोजचा पाण्याचा बदल. प्रत्येकीत नदीतले बोटभर लांबीचे सहा-सहा मासे. सहा आठवडे रोज सकाळी पाण्याचा नमुना घेऊन त्यात एक रसायन टाकायचे. अमोनिया जितका अधिक, तितका रंग गडद पिवळा.

शहांच्या वाळूचे पाणी काचेसारखे झाले. येणारा-जाणारा त्या पेटीपाशी थांबून वाहवा करी. परंतु तिसऱ्या आठवड्यात त्याच पेटीतला रंग हळदीसारखा झाला आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, म्हणून मी त्यांना परत नदीत सोडले. पाणी बदलण्याची पेटी ठीक चालली. पण वैशाखात आमची नदी ओढ्याएवढी होते आणि आषाढात तीच कातळाची तांबडी माती घेऊन येते. तिच्यावर कोण विसंबणार? गोट्यांच्या पेटीतले पाणी जरासे चहाच्या वळणाचे होते. पहिले तीन आठवडे तिथेही अमोनिया चढला. मग गोट्यांवर तो थर धरला आणि रंग जो उतरला, तो पुन्हा चढला नाही. मासे अंगाने भरले.

शहा जाताना म्हणाले, "मॅडम, विश्वास ठेवा, क्लीन पाणी आमचंच आहे."

"दिसायला तुमचंच. मला राहण्याजोगं हवंय."

निर्णय पक्का केला तो मात्र विजेने. आमच्याकडे लाइट जाते, आणि गेली की तिच्या परतण्याविषयी कोणी खात्री देत नाही. बंद टाकीत प्रवाह थांबला, की आतले सारे काही तासांत गुदमरून कुजते. उघड्या गोट्यांत हवा खेळते. दिवसभर पंप बंद राहिला तरी ओलाव्यावर जिवाणू तग धरतात. हे सारे मी आकडे, आलेख आणि आकृत्यांसह अकरा पानी इंग्रजी अहवालात मांडले. साहेबांनी सही केली. हौद बांधला, ऐंशी घमेली गोटे भरले, पंप सुरू केला. पाण्यात आधी नदीतले मासे सोडून दोन महिने थर धरू दिला, आणि मग मुंबईहून जीपने, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, नऊ पाहुणे आले.

तळ्याची रोजची देखभाल धोंडूमामांकडे आली. हे कारखान्याचे माळी, गाव वरंध, घाटाच्या पायथ्याचे. साठीला टेकलेले, अंगाने काटक. माशांवर त्यांचा पहिल्या दिवसापासून जीव जडला. प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवले: जाडा केशरी तो 'सावकार', काळा-पांढरा तो 'पोस्टमन', आणि पांढरीशुभ्र, कपाळावर तांबडा टिळा असलेली ती 'सवाष्ण'. त्यांनी टाळी वाजवली की नऊही मासे काठाशी येत. मी टाळी वाजवली तर एकही येत नसे.

"तुमची टाळी हापिसातली हाय, बाई," ते म्हणत.

मी त्यांना तीनच सूचना दिल्या होत्या: दाणे मोजून घालायचे, पाने काढायची, पंप बंद ठेवायचा नाही. मला त्या पुरेशा वाटल्या. बाकीचे अहवालात होतेच.

जपानी पाहुणे यायला बारा दिवस उरले होते. मे महिन्यातला सोमवार. फाटकातून आत शिरताच मला वास आला. नळाला औषध मारलेले पाणी येते त्या दिवशीचा वास. तळ्यापाशी धोंडूमामा आणि त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. दोघांचे हात कोपरापर्यंत सोललेले, आणि दोघांच्या चेहऱ्यावर लेकीच्या बारशाचा आनंद.

"बघा बाई," मामा हौदाकडे हात करून म्हणाले, "वळखू येतात काय?"

हौदातले ऐंशी घमेली गोटे मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरेशुभ्र झाले होते.

आमच्या भागात वैशाखात विहीर उपसण्याची रीत आहे. पाणी तळाला गेले, की वाडीतली माणसे आत उतरतात, गाळ काढतात, दगड काथ्याने घासतात आणि शेवटी टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याची पावडर, टाकतात. ज्या घरची विहीर उपसलेली नाही, त्या घरी पाहुण्याने पाणी पिऊ नये, असेही म्हणतात. पाहुणे तर येणारच होते, आणि तेही जपानचे. तेव्हा नवरा-बायकोने रविवारची सुटी घालवून एकेक गोटा बाहेर काढला, नारळाच्या काथ्याने घासला, पंचायतीतून आणलेल्या टीसीएलच्या पाण्यात बुडवला आणि पुन्हा रचून ठेवला.

"शेवाळ तरी किती धरलं व्हतं! पावना बोलला असता, बाई शिकलेली हाय आणि दगड बघा कसं. तुमची लाज ती आमची लाज."

मी तळ्याकडे पाहिले. नऊही मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून आचके देत होते.

ओरडायला वेळ नव्हता, हे माझे सुदैव. गोट्यांतला क्लोरिन पंपाने रात्रभर तळ्यात उतरवला होता. क्लोरिन मारायला एक स्वस्त रसायन आहे, हायपो. प्रयोगशाळेतल्या बाटलीत ते चिमूटभर शिल्लक होते आणि नवी मागणी महिनाभर कागदोपत्री फिरत होती. पण हायपो आणखी एका ठिकाणी मिळते.

"मामा, पंप बंद करा. विहिरीचं पाणी बादलीने उंचावरून ओतत राहा, थांबू नका," एवढे सांगून मी मोपेडवर बसले आणि थेट महाडच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत शिरले. फोटो धुताना हेच रसायन लागते.

स्टुडिओवाले माझ्याकडे पाहतच राहिले. "मासे वाचवायला हायपो? बाई, आज माझ्याकडे तीन लग्नं आहेत. सगळा मिळून किलोभर आहे."

"अर्धा द्या."

"आणि उद्या फोटोत नवरदेवाचं तोंडच दिसलं नाही, तर सासरेबुवा मला विचारतील!"

"नवरीनं पाहिलंय ना? मग पुरे."

त्यांनी हसत हसत पुडी बांधली. वर, "त्या माशांचा एक ग्रुप फोटो तरी काढू द्या," अशी अट घातली.

विरघळवलेला हायपो तळ्याच्या चारी कडांनी आणि हौदातही ओतला, मग पंप पुन्हा सुरू केला. मामा आणि मामी बादल्या ओतून चिंब झाले होते. तासाभराने पोस्टमन पाण्याखाली गेला. मग सावकार. दुपारपर्यंत नऊही मासे खाली फिरत होते आणि मामांनी देवाला नारळ बोलून टाकला होता. त्यांना वाटले, संकट टळले. मला माहीत होते की ते आता सुरू झाले. क्लोरिन गेला होता. पण जाताना त्याने दगडांवरचे सारे जिवाणू नेले होते. उद्यापासून अमोनिया चढणार, आणि नवा थर पुरता धरायला सहा आठवडे लागणार.

हे मी साहेबांना त्याच दुपारी सांगितले. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "त्या माळ्याला आजच्या आज काढा."

"मग मलाही काढावं लागेल, साहेब. दगड का धुवायचे नाहीत, हे अहवालाच्या नवव्या पानावर आहे. तो अहवाल तुम्ही आणि मी, दोघांनीच वाचलाय."

"मी नववं पान वाचलेलं नाही," साहेब म्हणाले. माळ्याचा विषय तिथेच संपला. माझ्या अर्जाचा मात्र त्यांनी उल्लेखही केला नाही, आणि तो का केला नाही, हे मला समजले.

संध्याकाळी वडिलांना सांगताना मी अजूनही स्वतःचा बचाव करीत होते. "अहवालात स्पष्ट लिहिलं होतं."

"इंग्रजीत. कपाटात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "पाण्याचं ज्ञान चार माणसांच्या कपाटात ठेवलं, तर ते बाकीच्यांना मिळत नाही. हे या गावात तरी मी तुला सांगायला लागू नये."

नोकरीत मला पुष्कळ शेरे मिळाले आहेत. एवढा अचूक दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदाच्या कठड्यावर धोंडूमामांच्या शेजारी बसले आणि सर्व काही पहिल्यापासून सांगितले: अमोनिया, जिवाणू, थर. शेवटी गोटा हातात घेऊन उलटापालटा करीत म्हणाले, "म्हंजे मी ऱ्हातं घर धुवून काढलं."

"हो."

"आणि आता नवं बिऱ्हाड यायला दीड महिना."

"हो."

त्यांनी गोटा पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "बाई, घरचं विरजण नासलं, तर बाईमाणूस दीड महिना वाट बघतं का? शेजारून कवडीभर मागून आणतं की."

अकरा पाने लिहिणाऱ्या बाईला हे सुचले नव्हते.

"शेजार कुठला पण, मामा?"

"आमच्या वरंधला झऱ्याखाली गुरांची डोण हाय, दगडाची. माझ्या आज्यानं बांधली. म्हशी तिथंच पितात, तिथंच करतात सगळं. तरी तिचं पाणी कधी नासलं नाय. तिच्या खालचं दगड असं बुळबुळीत, की पाय ठरत नाय."

शास्त्राच्या दृष्टीने यात एकही चूक नव्हती. म्हशी जिथे मुततात तिथे अमोनिया, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या अमोनिया तिथे तो खाणारे जिवाणू. धोका एवढाच, की त्या दगडांबरोबर जळवा किंवा रोग यायचा. मी हिशेब मांडला: दगड आणले तर मासे मरण्याची शक्यता आहे, न आणले तर खात्री आहे. शक्यता निवडली.

जीप घेऊन आम्ही वरंधला गेलो. डोणीपाशी मामांच्या वहिनी म्हशीला पाणी पाजत होत्या. "काय रे धोंडू, शहरात दगड नाय मिळत?" असे म्हणून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"असं नाय मिळत, वैनी."

"आणि ही कोण गो? ही पण दगडंच न्यायला आली?"

"हो, वैनी," मी म्हटले. "तुमच्या म्हशीचे उपकार आहेत."

त्यांनी म्हशीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मामांना हळूच विचारले, "शिकलेली ना ही?"

वीस घमेली ओले दगड आम्ही गोणपाटांत गुंडाळून आणले, सुकू दिले नाहीत. प्रत्येक दगड हाताने तपासून जळवा वेचल्या. अठ्ठावीस निघाल्या, मामींनी मोजल्या. दगड हौदात रचले. माशांचे दाणे बंद. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचे, रोज सकाळी नमुना. या वेळी नमुना मी मामांसमोर करीत असे आणि रंग त्यांनी सांगायचा. त्यांनी स्वतःची मोजपट्टीच काढली: "आज ताकाची कढी", "आज हळद", "आज आंबा, पिकलेला". मी वहीत आकडा लिहून आलेखावर टिंब देई.

सहाव्या दिवशी रंग आंब्यावर गेला आणि सकाळी सवाष्ण तळाशी आडवी सापडली. मामांनी तिला हातात घेऊन फणसाखाली पुरले. मी त्यांना, यात तुमचा दोष नाही, असे सांगितले नाही. ते अर्धेच खरे झाले असते. उरलेला अर्धा दोष माझा होता, आणि तो मी आजही माझ्या खात्यातून कमी केलेला नाही.

आठव्या दिवशी रंग हळदीवर उतरला, दहाव्या दिवशी ताकाच्या कढीवर. विरजण लागले होते. पण या साऱ्या उलथापालथीत पाणी गढूळ, दुधट झाले होते. नाणे सोडाच, घमेले टाकले असते तरी दिसले नसते. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी प्रधानसाहेब काठावर आले.

"तुरटी टाका. माझी आई घड्यात फिरवायची. दोन तासांत पाणी काचेसारखं."

"साहेब, आपलं पाणी मऊ आहे. तुरटीने ते आंबट होईल. या माशांचे कल्ले आधीच भाजलेत. पाणी काचेसारखं होईल, आणि त्यात आठ मासे स्पष्ट दिसतील, उलटे."

"पाहुणे उद्या येताहेत, अहो! एक मासा गेला, पाणी हे असं. तुम्हाला ते सांडपाण्याचं केंद्र हवंय ना?"

"हवंय. म्हणूनच तुरटी टाकणार नाही. ती न टाकण्याची जबाबदारी माझी, असं लेखी देते."

लेखी दिले. मराठीत, चार ओळींत. त्यांनी ते वाचून खिशात घातले आणि निघून गेले. मी घरी जाऊन झोपले. अर्जाची आशा सोडलेल्या माणसाला झोप फार चांगली लागते, असा माझा अनुभव आहे.

पाहुणे साठीचे, बुटके, पांढऱ्या केसांचे होते. यंत्रे पाहून झाल्यावर ते तळ्यापाशी आले. मामांनी टाळी वाजवली. मासे वर आले. पाहुण्यांनी बोटाने मोजले. आठ. पुन्हा मोजले. मग प्रधानसाहेबांकडे पाहिले, आणि प्रधानसाहेबांनी माझ्याकडे.

त्यांचे इंग्रजी तुटपुंजे होते, माझे जपानी शून्य, आणि त्यांचा दुभाषी अजून यंत्रांपाशीच अडकला होता. मी वही पुढे केली. आलेखाला भाषा लागत नाही. त्यांचे बोट सरळ रेषेवरून सरकत गेले, त्या सोमवारपाशी थांबले, डोंगर चढले, उतरले. भुवया वर गेल्या. ते हौदाशी गेले, खाली वाकून एक पांढरा गोटा उचलला, वासही घेतला. मग दुसऱ्या हाताने तो गोटा खसाखसा घासल्याचा अभिनय केला आणि प्रश्नार्थक चेहऱ्याने आम्हा सर्वांकडे पाहिले.

मग धोंडूमामा एक पाऊल पुढे आले, मान खाली घातली आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवले. मीही पुढे होऊन माझ्या छातीवर बोट टेकवले. एका चुकीला दोन गुन्हेगार पाहून पाहुणे गोंधळले. मग एकाएकी ते मोठ्याने हसू लागले, आणि त्यांनी आपले बोट स्वतःच्या छातीवर टेकवले. तोवर येऊन पोहोचलेल्या दुभाष्याने खुलासा केला: लग्नानंतर सासरे प्रथमच घरी येणार म्हणून यांनीही तरुणपणी आपल्या तळ्याचे सगळे दगड घासून लख्ख केले होते. त्यांचा एकही मासा वाचला नव्हता. "तुमचे आठ वाचले," ते म्हणाले, आणि मामांपुढे कमरेत वाकले. मामाही वाकले. ते उठेपर्यंत मामा उठेनात, आणि मामा उठेपर्यंत ते उठेनात. शेवटी स्टुडिओवाल्याने फोटो काढला, तेव्हा दोघे सरळ झाले.

नाण्याची आठवण कोणालाच झाली नाही. दोन दिवसांनी प्रधानसाहेबांनी अर्ज खणातून काढला, त्यावर 'सहा महिने, प्रायोगिक' असे लिहून सही केली आणि म्हणाले, "त्या वहीसाठी. माशांसाठी नव्हे."

सांडपाणी केंद्रातली ती पहिली सकाळ मला स्पष्ट आठवते. पाणी धड शुद्ध का होत नाही, याचा शोध तिथे दोन वर्षे चालू होता. यंत्र बदलण्याचा प्रस्तावही तयार होता. मी प्रस्ताव बाजूला ठेवला आणि तिथले जुने ऑपरेटर सुर्वेमामा यांना विचारले, "मामा, तुम्ही इथं रोज काय काय करता, ते पहिल्यापासून सांगा. मी ऐकते."

आजवर कोणी विचारले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. त्यांनी टोपी सारखी केली, खडीच्या भल्यामोठ्या हौदाकडे अभिमानाने हात केला आणि म्हणाले, "बाई, बाकी काय पण बोला. सफाईत आपण कमी नाय. दर शनिवारी ही सगळी खडी पाइप लावून, टीसीएल मारून, एकदम चकाचक करतो."